इंग्रजी 'बी'च्या पोटात तीन धातू

पाचवीच्या इंग्रजी वहीत एक पान ठरलेलं असतं. डावीकडे 'आय', 'यू', 'ही', 'वी', 'दे' आणि त्यांच्यासमोर 'ॲम', 'आर', 'इज'. खाली भूतकाळ म्हणून 'वॉज' आणि 'वेअर'. पानाच्या तळाशी, वरच्या कुणाशी काही नातं नसल्यासारखे, 'बी', 'बीन' आणि 'बीइंग'. बाई सांगतात, पाठ करा. मीही वर्गात वर्षानुवर्षं तेच सांगत आले. 'वॉक'चं 'वॉक्ड' होतं हे मुलांना पटतं, 'सिंग'चं 'सँग' होतं हेही थोड्या कुरकुरीनंतर पटतं. पण 'बी'चं 'वॉज' कसं होतं, याला माझ्याकडे बरीच वर्षं उत्तर नव्हतं. आठ रूपं, आणि त्या आठांत मिळून एकही अक्षर समान नाही.

बरं, हे क्रियापद कोपऱ्यातलंही नाही. ऑक्सफर्डच्या प्रचंड शब्दसंग्रहात इंग्रजीतले सगळे शब्द वापरानुसार मोजले, तेव्हा 'द'च्या खालोखाल दुसरा क्रमांक 'बी'चा लागला. म्हणजे इंग्रजीत सगळ्यात जास्त राबणारं क्रियापद हेच, आणि सगळ्यात वेडंवाकडंही हेच.

त्याचं उत्तर सापडलं तेव्हा मला वाटलं, हे मराठी मुलांना तर अगोदर सांगायला हवं. कारण 'बी' हे एक क्रियापद नाहीच. तीन वेगळी क्रियापदं एका छपराखाली राहायला आली आणि लोक त्यांना एकाच आडनावाने हाक मारू लागले. आणि ती तिन्ही आपल्या ओळखीची आहेत: असणं, होणं आणि वसणं.

आधी एक गोष्ट आपल्याच घरातली पाहू. 'मी जातो' आणि 'मी गेलो'. 'जा'मधून 'गे' कसा निघाला? तो निघालाच नाही. 'जातो' आला संस्कृतातल्या 'या' धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या मुळापासून; 'याति' म्हणजे जातो. 'गेला' आला 'गम्'पासून, 'गत' म्हणजे गेलेला. वर्तमानकाळ एका धातूचा, भूतकाळ दुसऱ्याचा. लहानपणापासून आपण हे इतकं सहज बोलतो की जोड दिसतच नाही. इंग्रजीतही जाण्याच्या क्रियापदाची हीच गत आहे. 'गो'चा भूतकाळ 'वेंट' हा मुळात 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा. रोजच्या वापरातल्या शब्दांत ही उसनवारी फार चालते. क्वचित येणाऱ्या क्रियापदाचं वेडंवाकडं रूप लोक विसरतात आणि नियमाने नवं घडवतात. दिवसातून शंभरदा तोंडी येणारं वाकडं रूप मात्र तोंडातच राहतं, ते विसरायला कुणाला सवड मिळत नाही.

संस्कृतात तर या उसनवारीचा नियमच लिहून ठेवलेला आहे. 'अस्' म्हणजे असणे; 'अस्ति' म्हणजे आहे, 'आसीत्' म्हणजे होता. पण 'असेल' म्हणायचं तर 'अस्'कडे रूप नाही, म्हणून 'भविष्यति' म्हणायचं, आणि ते आहे 'भू' धातूचं. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात एवढ्याशा सूत्रात हे सांगितलं: 'अस्तेर्भूः'. 'अस्'च्या जागी 'भू' घ्या. इंग्रजी वहीतल्या त्या पानाचं अर्धं कोडं या दोन शब्दांत आहे.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण मोबाइलवर तो पुष्कळ फिरतो. इंग्रजी संस्कृतातून आलेली नाही. दोघी एकमेकींच्या चुलत बहिणी. त्यांची पणजी असलेली भाषा बहुतेक अभ्यासकांच्या मते पाच-सहा हजार वर्षांपूर्वी बोलली जात होती. तिचा एक शब्दही कुणी लिहून ठेवला नाही. अभ्यासक तिला इंडो-युरोपीय म्हणतात. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीसमोर विल्यम जोन्स यांनी भाषण केलं, त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असूच शकत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी बोट ठेवलं ते दोन गोष्टींवर: क्रियापदांचे धातू आणि व्याकरणाची रूपं. पुढे १८१६ मध्ये जर्मनीतल्या फ्रान्झ बॉप यांनी संस्कृत क्रियापदं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुळातल्या) भाषांतल्या क्रियापदांशेजारी ओळीने मांडून दाखवली. तौलनिक भाषाशास्त्र नावाचं शास्त्र तिथून उभं राहिलं.

आता तीन धातू.

पहिला 'अस्'. संस्कृतात 'अस्मि, असि, अस्ति'. लॅटिनमध्ये 'सुम, एस, एस्त'. ग्रीकमध्ये तृतीय पुरुषी 'एस्ति', रशियनमध्ये 'येस्त', फारसीत 'अस्त', जर्मनमध्ये 'इस्ट'. इंग्रजीत शेवटचा 'त' गळून उरलं 'इज'. अनेकवचनी 'सन्ति' घ्या: लॅटिन 'सुन्त', जर्मन 'सिंड'. जुन्या इंग्रजीतही 'सिंडॉन' होतं. पुढे उत्तर इंग्लंडमधल्या बोलीतलं 'आर' खाली उतरत आलं आणि त्याने 'सिंडॉन'ला बाहेर काढलं.

'ॲम'वर मात्र मला थांबावंसं वाटतं. 'अस्मि'मधला शेवटचा 'मि' हा 'मी'चा प्रत्यय आहे: करोमि, गच्छामि, वदामि. करणारा मी, जाणारा मी, बोलणारा मी. हा प्रत्यय एकेकाळी इंग्रजीच्या पूर्वजांकडेही होता. हजारो वर्षांत तो सगळ्या क्रियापदांवरून झिजून गेला आणि फक्त एका ठिकाणी उरला, 'ॲम'च्या 'म'मध्ये. 'आय गो', 'आय सी', 'आय ईट' यांत त्याची खूणही नाही. इंग्रजी माणूस 'आय ॲम' म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडून 'गच्छामि'तल्या 'मि'चा शेवटचा जिवंत भाऊ बाहेर पडतो.

आपल्याकडे 'अस्ति'चं प्राकृतात 'अत्थि' झालं आणि जुन्या मराठीत 'आथि'. ज्ञानेश्वरीत 'आहे' या अर्थी 'आथि' भेटतं. आजच्या बोलण्यातून ते गेलं. 'असणे', 'असो', 'असावा' मागे राहिले.

दुसरा धातू 'भू'. संस्कृतातला 'भ' जर्मानिक भाषांत 'ब' म्हणून भेटतो: भ्राता आणि ब्रदर, भरति आणि बेअर. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये अशा व्यंजनबदलांची शिस्त लावून दाखवली; तोच नियम 'पाद' आणि 'फूट', 'दश' आणि 'टेन' यांनाही लागतो. त्याच शिस्तीने 'भू'चं झालं 'बी'. 'बीन' आणि 'बीइंग' ही त्याचीच मुलं.

'भू'चा मूळ अर्थ नुसता 'असणं' नाही. उगवणं, वाढणं, आकाराला येणं, होणं. बी पेरल्यावर जे घडतं ते. ग्रीकमध्ये याच धातूपासून 'वाढणं' या अर्थाचं क्रियापद झालं, त्यातून 'फिसिस' म्हणजे निसर्ग, आणि त्यातून फिजिक्स. आपण फिजिक्सला मराठीत भौतिकशास्त्र म्हणतो. 'भौतिक' आला 'भूत'पासून आणि 'भूत' 'भू'पासून. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना अर्थ जुळवायचा होता. मूळही जुळून आलं. लॅटिनमध्ये 'भू'पासून 'फुतूरुस' म्हणजे 'होऊ घातलेला' झाला, त्याचा फ्यूचर. आपला भविष्यकाळही 'भू'चाच. आणि भूतकाळही. जे होऊन गेलं ते भूत, जे व्हायचं ते भविष्य, जे पहिल्यांदाच होतं ते उद्भवणं, हरलं तर पराभव, अंगावर घेतलं तर अनुभव. आईच्या तोंडचं 'भूतदया' आणि पिंपळावरचं भूत, दोन्हींत तोच.

उगवण्यापासून रुजण्यापर्यंत आणि रुजण्यापासून मुक्काम करण्यापर्यंत अर्थ सरकला, तेव्हा उत्तर युरोपात 'भू'पासून 'वस्ती करणं' या अर्थाचे शब्द निघाले. जर्मन 'बाउअर' आणि डच 'बूर' म्हणजे शेतकरी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले बोअर हेच. 'नेबर'मधला 'बर' म्हणजे राहणारा, जवळ राहणारा तो नेबर. 'हजबंड'मधला 'बंड' हा स्कँडिनेव्हियन 'बोंडी', घर करून राहणारा. नवव्या शतकात व्हायकिंग लोक पूर्व इंग्लंडात वस्ती करून राहिले आणि गावाला 'बी' म्हणू लागले. व्हिटबी, ग्रिम्सबी, डर्बी ही त्या वस्त्यांची नावं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन डर्बी पळवली जाते, तिच्या नावातला 'बी' 'भू'कडून आलेला आहे.

तिसरा धातू 'वस्'. वसति, निवास, वास्तू, वस्ती. जुन्या इंग्रजीत 'वेसान' हे पूर्ण क्रियापद होतं, त्याचा अर्थ असणं, राहणं, थांबणं. त्याचा वर्तमानकाळ कालांतराने गेला, भूतकाळ राहिला: 'वॉज' आणि 'वेअर'. म्हणजे 'ही वॉज हिअर'च्या मुळाशी 'तो इथे वसला होता' आहे.

पण मग एकवचनात 'स'च्या घरचा 'ज' आणि अनेकवचनात 'र' का? 'वॉज' पण 'वेअर' का? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनाही छळत होता. ग्रिमच्या नियमातून असे बरेच शब्द निसटत होते. त्याचं उत्तर १८७०च्या दशकात कार्ल व्हेर्नर या डॅनिश तरुणाने शोधलं, आणि ते शोधायला त्याला वेदांची मदत झाली. ऋग्वेदाच्या पाठात प्रत्येक शब्दातला जोर कुठे आहे हे खुणा करून जपलेलं आहे. उदात्त कुठे, अनुदात्त कुठे, हे पाठ करणाऱ्यांनी तोंडातोंडी टिकवलं. व्हेर्नरच्या लक्षात आलं की जोर आधीच्या अक्षरावर असला तर 'स' टिकतो, आणि जोर पुढे असला तर 'स' मऊ पडून आधी 'झ' आणि मग 'र' होतो. 'वस्'चा संस्कृतातला परोक्ष भूतकाळ पाहा: एकवचन 'उवास', अनेकवचन 'ऊषुः'. 'उवास'मध्ये जोर 'वा'वर, म्हणजे धातूवर. 'ऊषुः'मध्ये जोर शेवटी, प्रत्ययावर. 'वॉज' आणि 'वेअर' ही याच जोडीची इंग्रजी भावंडं. जर्मानिक भाषांतला तो जुना जोर पुढे पहिल्या अक्षरावर स्थिरावला, कारण पुसलं गेलं, परिणाम मात्र शिल्लक राहिला. जर्मन लोकांनी नंतर दोन्हीकडे 'र' करून घेतला, 'वार' आणि 'वारेन'. इंग्रजीने तशी झाडलोट केली नाही.

'ऊषुः'मधला 'उष्' परका वाटत असेल तर 'उपोषण' हा शब्द आठवा. उप आणि वस्. उपवास आणि उपोषण एकाच धातूचे, एकात 'वस्' पूर्ण, दुसऱ्यात आकसलेला. कुणी आमरण उपोषणाला बसतं तेव्हा त्या शब्दात 'वेअर'चं सख्खं भावंड बसलेलं असतं. मात्र वस्त्रातला 'वस्' वेगळा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, दोघांच्या नोंदी वेगळ्या आहेत: एक 'वस निवासे', दुसरा 'वस आच्छादने'. त्या दुसऱ्याकडून इंग्रजीत कपडे घालण्याचा 'वेअर' आला. धातुपाठाची सुरुवातच 'भू सत्तायाम्'ने होते. आणि 'अस्'चा अर्थ तिथे 'अस भुवि' असा, 'भू'चाच आधार घेऊन दिलेला आहे. दोघांची सोयरीक इतकी जुनी.

पहिले दोन धातू हातात हात घालून बसलेला एक शब्द आपण मराठीत जवळजवळ रोज वापरतो, आणि तो संस्कृतातून नव्हे तर फारसीतून आलाय: नेस्तनाबूत. फारसी 'नेस्त' म्हणजे न-अस्ति, नाही. 'नाबूद' म्हणजे न-भूत, झालंच नाही. नेस्त-ओ-नाबूद: आत्ताही नाही आणि कधी नव्हतंही. बखरींच्या भाषेतला हा शब्द शत्रूचं ठाणं उद्ध्वस्त करण्यापुरता वाटतो, पण त्यात असण्याचे दोन्ही धातू नाकारून टाकलेले आहेत. याहून पक्का नाश शब्दांत करता येणार नाही. 'मोठी हस्ती' म्हणतो त्यातली हस्ती 'अस्ति'च्या घरची, अस्तित्व या अर्थाची. आणि मोर्चात 'जिंदाबाद' म्हणतो त्यातला 'बाद' म्हणजे 'होवो', 'भू'चा आशीर्वाद. औरंगाबाद, हैदराबादमधल्या 'आबाद'शी मात्र त्याची गल्लत करू नये, तो निराळा शब्द आहे.

होकाराचे शब्दही याच घरचे. आपलं 'होय' 'भवति'पासून आलं. प्राकृतात 'होइ', मग 'होय'. कुणी विचारलं आणि आपण 'होय' म्हटलं तर आपण शब्दशः 'होतं' असं उत्तर देतो. इंग्रजी 'येस' बहुतेक अभ्यासक दोन तुकड्यांत फोडतात: 'येआ' म्हणजे हो, आणि 'सी' म्हणजे असो. हा 'सी' संस्कृत 'स्यात्'चा भाऊ, तोच 'स्यात्' जो जैनांच्या स्याद्वादात आहे. म्हणजे मराठी माणूस 'भू'ने हो म्हणतो आणि इंग्रज 'अस्'ने. ज्ञानेश्वरीत 'हें असो' वाचताना मला हल्ली 'येस' ऐकू येतं.

हे झालं कुळ. आता अर्थाकडे येते, कारण विद्यार्थ्यांची खरी अडचण तिथे आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, तीन धातूंचं हे कुटुंब अजून नीट एकत्र झालं नव्हतं. वर्तमानकाळाचे दोन संच शेजारी-शेजारी चालत. एक 'अस्'चा, त्यात 'इज'. दुसरा 'भू'चा, त्यात 'बिथ'. दोघांच्या कामात फरक होता. आत्ता, समोर जे आहे त्याला 'इज'. जे नेहमी असतं, किंवा जे पुढे होईल, त्याला 'बिथ'. जुन्या इंग्रजीत सुभाषितांसारखी वचनं आहेत, त्यांत हिवाळा सगळ्यात थंड 'बिथ', असं म्हटलंय.

हे वाचताना मी थबकले. कारण हा फरक मला कुणी समजावून द्यायची गरजच नव्हती. 'आज थंडी आहे' आणि 'डिसेंबरात थंडी असते'. 'आहे' आणि 'असते'. मराठीतलं तीन वर्षांचं पोर यात चुकत नाही. 'बाबा घरी आहेत' म्हटलं तर तुम्ही दार वाजवाल; 'बाबा रविवारी घरी असतात' म्हटलं तर रविवारी याल. इंग्रजीत दोन्हीकडे 'इज', आणि फरक सांगायला 'युज्वली' किंवा 'ऑन संडेज' असं काहीतरी वरून जोडावं लागतं. एकेकाळी त्यांच्याकडेही हा भेद होता. पुढे दोन्ही संच मिसळले, 'बिथ' मागे पडत गेलं आणि 'बी' फक्त मूळ रूप, आज्ञा आणि कृदंतं यांपुरतं उरलं. 'दे बी' असं अनेकवचन काही शतकं चाललं. 'द पॉवर्स दॅट बी' या वाक्प्रचारात ते आजही अडकून बसलंय.

आणखी एक क्रियापद त्या काळी इंग्रजीत होतं: 'वेओर्थन', म्हणजे होणं, बनणं. ते 'वर्तते'चं भावंड, आपल्या 'वर्तमान'मधल्या 'वृत्'चं. जर्मनमध्ये ते 'वेर्डेन' म्हणून आजही ठणठणीत आहे. 'दार उघडलेलं आहे' आणि 'दार उघडलं जातंय' यांतला फरक जर्मन माणूस या दोन क्रियापदांनी करतो. इंग्रजीने 'वेओर्थन' सोडून दिलं आणि त्याचं कर्मणी प्रयोगाचं ओझंही 'बी'च्याच डोक्यावर ठेवलं. म्हणून 'द डोअर इज क्लोज्ड' हे वाक्य दोन अर्थांनी वाचता येतं: दार बंद आहे, किंवा दार बंद केलं जातं. दुकानाच्या पाटीवर पहिला अर्थ, 'एव्हरी नाइट ॲट नाइन' जोडलं की दुसरा.

असं ओझं वाढत जाऊन आजचं 'बी' तयार झालं. मराठीत त्याला एक शब्द नाही, आणि ही मराठीची उणीव नव्हे. 'देअर इज वॉटर' म्हणजे पाणी आहे. 'आइस इज कोल्ड' म्हणजे बर्फ थंड असतो. 'टू अँड टू इज फोर' म्हणजे दोन आणि दोन चार होतात. 'टुमॉरो इज संडे' म्हणजे उद्या रविवार. इथे आपण काहीच लावत नाही, संस्कृतात आणि रशियनमध्येही लावत नाहीत. 'बी केअरफुल' म्हणजे जपून राहा. 'बी क्वायट' म्हणजे गप्प बस. 'आय हॅव बीन टू नाशिक' म्हणजे मी नाशिकला जाऊन आलोय. असण्याचं क्रियापद इथे चक्क जाण्याचं काम करतं. 'टू बी ऑर नॉट टू बी' याला 'असावं की नसावं' म्हणून कुणी ऐकलं नसतं. मराठीत ते 'जगावं की मरावं' असं रुळलं ते उगीच नाही. नुसतं 'बी' म्हटलं की इंग्रजीत 'अस्तित्व' हा पूर्ण वजनाचा अर्थ येतो, तो आपल्याकडे 'जगणं' या शब्दात आहे.

म्हणून माझ्या वर्गात 'आय ॲम गो टू मार्केट डेली' असं वाक्य वहीत आलं की मी आता नुसती लाल रेघ मारत नाही. त्या मुलाच्या मनात 'मी जातो आहे' मधला 'आहे' वाजतोय, आणि 'मी रोज जातो' मध्ये तो नाही हे इंग्रजीत कसं दाखवायचं ते त्याला कळत नाहीये. त्याला मी विचारते, मराठीत शेवटी 'य' लागतोय का? 'जातोय', 'वाचतोय', 'खातेय'? लागत असेल तर 'ॲम' आणि 'इंग' दोन्ही. लागत नसेल तर दोन्ही नाहीत. हा 'य' म्हणजे 'आहे'चंच झिजलेलं टोक. सगळ्या वाक्यांना ही युक्ती पुरत नाही, पण पहिल्या सहा महिन्यांत पुष्कळ वह्या सुधारतात.

'जपून राहा' आणि 'गप्प बस' ही दोन वाक्यं मात्र पुन्हा पाहण्यासारखी आहेत, कारण वसण्याचा धातू 'वॉज' कसा झाला याचं उत्तर त्यांच्यात आहे. 'तो पुण्यात राहतो' म्हटलं की डोळ्यांसमोर घर येतं, खोली येते. 'तो हल्ली आजारी राहतो' म्हटलं की घर दिसत नाही. 'राहतो' म्हणजे जवळपास 'असतो'. 'ती काहीतरी खात बसते' मध्ये ती उभ्यानेही खात असेल. शब्द तोच, पण त्याच्या अंगावरचा ठळक अर्थ नाण्यावरच्या छापासारखा घासून गुळगुळीत झालाय. 'वस्'चं हेच झालं. आधी 'तो तिथे वसला', मग 'तो तिथे राहिला', मग नुसतं 'तो तिथे होता'. उठणं-बसणं-राहणं हे माणसाच्या अंगाचे व्यवहार आहेत, आणि भाषांना असण्यासाठी शब्द हवा असतो तेव्हा त्या तिथूनच उचलतात. स्पॅनिशमध्ये असण्याची दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. 'सेर'मध्ये लॅटिनमधलं बसण्याचं क्रियापद मिसळलंय, आणि 'एस्तार' उभं राहण्याच्या क्रियापदापासून, म्हणजे 'स्था'च्या घरून आलंय. हिंदीतलं 'था' हेही 'स्थित'पासून. आपलं 'होता' मात्र 'भू'चं. मुंबईच्या लोकलमध्ये एक 'था' म्हणतो, दुसरा 'होता', इंग्रजी पाटीवर 'वॉज': तिघांचा भूतकाळ तीन वेगळ्या धातूंवर उभा, एक उभं राहण्याचा, एक होण्याचा, एक वसण्याचा.

आणि इंग्रजीने गमावलेला तो भेद, 'आहे' आणि 'असते' यांतला, तो काही ठिकाणी आजही भेटतो. आयर्लंडच्या आयरिश भाषेत तो मुळातच आहे: आत्ताच्या असण्याला 'ता', नेहमीच्या असण्याला 'बीअन', आणि 'बीअन' 'भू'पासूनच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या इंग्रजीत तर हा भेद रोज ऐकू येतो. 'शी वर्किंग' म्हणजे ती आत्ता कामात आहे. 'शी बी वर्किंग' म्हणजे ती काम करत असते, आत्ता कदाचित झोपलीही असेल. शाळांत याला वर्षानुवर्षं चुकीचं इंग्रजी म्हणून खोडलं गेलं, व्याकरण न येणाऱ्यांची भाषा म्हणून हिणवलं गेलं. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण तिथे व्याकरण कमी नाही, प्रमाण इंग्रजीपेक्षा एक घर जास्तच आहे.

जॅनिस जॅक्सन या संशोधक बाईंनी लहान मुलांबरोबर याची एक सुंदर चाचणी घेतली. मुलांना सेसमी स्ट्रीट या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातली चित्रं दाखवली. बिस्किटं खाण्यासाठी प्रसिद्ध असलेला कुकी मॉन्स्टर आजारी आहे, काही खात नाही, आणि त्याच्या जवळ एल्मो बिस्किटं खातोय. विचारलं, "हू इज ईटिंग कुकीज?" सगळ्या मुलांनी एल्मोकडे बोट दाखवलं. मग विचारलं, "हू बी ईटिंग कुकीज?" गोऱ्या मुलांची बोटं बहुतांशी एल्मोवरच राहिली. कृष्णवर्णीय मुलांनी आजारी कुकी मॉन्स्टरकडे बोट दाखवलं. बिस्किटं खात असतो तो तर तोच.